होनाळगी रोडचं माप

मी फक्त एक स्टेशन मोजायला गेलो होतो. हे वाक्य मी त्या पंधरा दिवसांत इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शेवटी ते मलाच खोटं वाटायला लागलं.

स्टेशनाचं नाव होनाळगी रोड. उदगीर सोडून भालकीकडं निघालं की लागतं. ज्या स्टेशनाच्या नावात रोड असतो तिथं गाव नसतं, गावाकडं जाणारा रस्ता असतो. रेल्वेचं हे एक जुनं आणि प्रामाणिक धोरण आहे. होनाळगी गाव तिथून तीन किलोमीटर आत. स्टेशनापाशी चाळीसेक घरांची टेसनवाडी, एक लिंब, आणि दगडी खांबांवर उभी असलेली लोखंडी पाण्याची टाकी. कोळशाची इंजिनं बंद झाल्यापासून ही टाकी कोरडी आहे, म्हणजे पंचवीस वर्षं तरी. होनाळगी माझं आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते तीन किलोमीटर अनवाणी चालत यायचो ते एवढ्यासाठी, की त्या टाकीखाली उभं राहून इंजिन पाणी कसं पितं ते बघायचं. घरी परत गेल्यावर काडेपेट्यांची गाडी करायची आणि तिलाही वाटीतून पाणी पाजायचं. काडेपेट्या भिजायच्या आणि मार बसायचा.

हे सगळं मी तीस वर्षं विसरून गेलो होतो. मोठा झालो, शिकलो, जर्मनीत न्यूरेंबर्गला नोकरीला लागलो. नोकरी कसली, तर धुण्याच्या यंत्राला पाणी कधी घ्यायचं आणि कधी सोडायचं हे शिकवण्याची. दुष्काळी भागातल्या माणसाला नेमकी हीच नोकरी कशी मिळाली, हे मला विचारू नका. मिळाली.

आमच्या खालच्या मजल्यावर फोगेल नावाचे एक निवृत्त पोस्टमन राहतात. एका शनिवारी मी दही आणायला निघालो, तर जिन्यात त्यांनी विचारलं, हे खोकं तळघरात न्यायला जरा हात लावाल का. मी लावला. तळघराचा दिवा लागला आणि समोर टेबलावर एक अख्खा मुलूख होता. डोंगर, बोगदे, बोटाएवढी झाडं, करंगळीएवढी माणसं, आणि त्यांच्यामधून धावणारी, वीतभर लांबीच्या काळ्या इंजिनाची गाडी. इंजिन एका टाकीखाली जाऊन थांबलं. मी तीन तास तिथं उभा होतो. शेवटी माझी बायको सिंधू मला शोधत खाली आली आणि म्हणाली, "दही?"

तेव्हापासून मी फोगेल आजोबांच्या मंडळाचा सभासद झालो. जर्मन माणूस खेळतो, पण गंमत म्हणून खेळत नाही. प्रत्येक गोष्ट खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची हवी, असा तिथला नियम आहे. त्या वर्षी मंडळानं ठरवलं की दर सभासदानं आपल्या आवडीचं एक स्टेशन बनवायचं आणि ऑक्टोबरात सगळी जोडून प्रदर्शन भरवायचं. बाकीच्यांनी आसपासची स्टेशनं सांगितली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "होनाळगी रोड." नाव तिघांना लिहून द्यावं लागलं. मी फोटो दाखवले. फोगेल आजोबा म्हणाले, "फोटो चालणार नाही. मापं लागतील."

म्हणून मी एप्रिलात, साल दोन हजार सोळा, पंधरा दिवसांची रजा काढून उदगीरला आलो. निघताना फोगेल आजोबांनी मला एक पिवळं, चमकणारं जाकीट दिलं. रुळांजवळ काम करायचं तर हे अंगात पाहिजेच, असं त्यांचं म्हणणं. त्या जाकिटानं पुढं जे केलं त्याची त्यांना बिचाऱ्यांना कल्पना नाही.

आता तेव्हाचे दिवस सांगितले पाहिजेत. दोन पावसाळे कोरडे गेले होते. लातूरला पाणी नव्हतं म्हणून मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायला नुकतीच सुरुवात झाली होती, आणि आमच्या भागात त्या पाण्याच्या गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. दुसरा विषय होता, पण तो कायमचाच. उदगीर जिल्हा होणार. लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झाला तेव्हा मी दुसरीत होतो. तेव्हापासून उदगीरचा नंबर पुढचा आहे. आणि उदगीर जिल्हा झाला की होनाळगी तालुका होणार, हे होनाळगीकरांनी स्वतःच्या मनाशी कधीचंच मंजूर करून टाकलेलं. अशा दिवसांत, पिवळं जाकीट घालून, हातात स्टीलचा टेप आणि काखेत वही घेऊन, मी होनाळगी रोडच्या फलाटावर उभा राहिलो.

टेपचं दुसरं टोक धरायला गुंडप्पामामा होते. मामांचं उदगीरला कापडाचं दुकान आहे. मोजण्याचा त्यांना जन्माचा अनुभव, त्यामुळं त्यांनी काम फार गंभीरपणे घेतलं. कुणी जवळ आलं की ते म्हणायचे, "मोजणी चालू हाय. बाजूला व्हा." मी म्हणालो, "मामा, असं नका म्हणू." ते म्हणाले, "मग काय, मोजणी बंद हाय म्हणू?"

स्टेशनमास्तरांची त्या दिवशी सुट्टी होती. बदलीवर आलेले गृहस्थ म्हणाले, पॅसेंजर यायच्या आत उरका. आम्ही फलाट मोजला, दारं मोजली, खिडक्या मोजल्या, बाक मोजला. टाकी मी सगळ्यात जीव लावून मोजली. तिच्या शिडीवर चढलो, पत्र्यावर बोटानं वाजवून पाहिलं, गंजाच्या रंगाचे फोटो घेतले. खाली उतरलो तेव्हा पाच-सहा बाया डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यातली पुढची, पन्नाशीची, शांत डोळ्यांची, तिचं नाव सरजाबाई. तिनं विचारलं, "सायेब, काय मोजून राहिले?"

"स्टेशन."

"कशापायी?"

"बनवायचंय."

"नवं?"

"हो, नवंच."

"कवा व्हनार?"

"ऑक्टोबरपर्यंत झालंच पाहिजे. तसा शब्द दिलाय."

"कुनाला?"

"जर्मनीत."

तिनं मागं वळून बाकीच्या बायांना सांगितलं, "जर्मनीवाले करून राहिले." मग टाकीकडं बघत म्हणाली, "आन ही टाकी?"

"टाकी तर हवीच," मी म्हणालो. "टाकीशिवाय ह्या स्टेशनात काय आहे?"

"भरनार का हिला?"

माझ्या डोक्यात फोगेल आजोबांकडचा तो पारदर्शक रस होता, जो ओतला की वाळून हुबेहूब पाण्यासारखा दिसतो. मी म्हणालो, "काठोकाठ भरलेली दाखवणार आहे."

माझ्या तोंडून त्या दिवशी एकही खोटं वाक्य निघालेलं नाही. कुठल्याही कोर्टात मी हे सांगायला तयार आहे.

तेवढ्यात पॅसेंजर आली. आम्ही सामान आवरलं आणि स्कूटरवर बसून उदगीरला परत आलो. अर्ध्या वाटेत मला आठवलं की छपराची उंची राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दात घासत असताना आमच्या दारात जीप थांबली. जीपमधून पाच माणसं उतरली. पुढं अण्णाराव मास्तर, होनाळगीच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि होनाळगी तालुका कृती समितीचे अध्यक्ष. त्यांच्या हातात शाल, नारळ आणि पाण्याची गाडी व तालुका मागणारं तीन पानी निवेदन. माझ्या तोंडात ब्रश होता, त्यामुळं सत्काराला मी पहिल्यांदा विरोध करू शकलो नाही. आईनं, म्हणजे आमच्या अव्वानं, घाईनं चहा टाकला. पोराचा कुणी घरी येऊन सत्कार करतंय हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

तोंड धुऊन आल्यावर मी सगळं नीट समजावून सांगितलं. मी रेल्वेचा माणूस नाही. पाण्याची गाडी होनाळगी रोडला येणार नाही. तालुक्याशी माझा संबंध नाही. मी खेळण्यातलं स्टेशन बनवतोय.

अण्णाराव मास्तरांनी फार आदरानं ऐकून घेतलं. मग बाकीच्यांना म्हणाले, "समजलं ना? वरून उघड बोलायची परवानगी नाही त्यांना."

मी मोबाईल काढला आणि फोगेल आजोबांच्या तळघराचे फोटो दाखवले. बघा, असली गाडी, असली झाडं, एवढीशी माणसं. मास्तरांनी चष्मा पुसून एकेक फोटो पाहिला. "बराबर आहे," ते म्हणाले. "आधी मॉडेल करतात. आमच्या शाळेची नवी इमारत झाली तेव्हाबी साहेबांच्या टेबलावर आधी असलंच ठेवलं होतं. झाडं पण होती. इमारत झाली, झाडं तेवढी झाली नाहीत."

चहा पिऊन ते गेले. जाताना एकानं हळूच विचारलं, तहसील स्टेशनाच्या अलीकडं होणार का पलीकडं, म्हणजे त्याला घराचं तोंड तसं ठेवता येईल.

शेजारच्या गंगम्मा भिंतीवरून सगळं ऐकत होत्या. त्यांचा सल्ला असा की मी आता नाही म्हणूच नये. "लोक देव मानून राहिले तर मानू द्या. पंधरा दिवसांत जायचंच हाय की." सल्ला वाईट नव्हता. पण छपराची उंची राहिली होती, आणि छपराशिवाय स्टेशन म्हणजे नुसतं कुंपण. म्हणून मी आणि मामा एक दिवस सोडून पुन्हा होनाळगी रोडला गेलो.

फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भांडी. घागरी, हंडे, तेलाचे डबे, प्लास्टिकचे पिंप, बाळाला न्हाऊ घालायचा एक टब, आणि कुठल्याशा लग्नाच्या आचाऱ्याची दोन प्रचंड पातेली. प्रत्येक भांड्यावर खडूनं नंबर घातलेला. शेवटचा नंबर एकशे त्रेचाळीस. लिंबाखाली बाया बसलेल्या, आणि ऊन असं की नुसतं बघून डोळे चुरचुरत.

स्टेशनमास्तर आज कामावर होते. त्यांचं नाव अमृतराव, मूळ धर्माबादचे. सडपातळ, हळू बोलणारे, आणि चेहऱ्यावर नेहमी असा भाव की आत्ता कुठूनतरी पत्र येईल. त्यांनी मला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं आणि पाण्याचा अर्धा ग्लास दिला. तेव्हा आमच्याकडं पाहुण्याला अर्धाच ग्लास द्यायची पद्धत पडली होती आणि कुणी त्याचं वाईट मानत नव्हतं.

"शरणप्पा सर," ते म्हणाले (माझं नाव त्यांच्यापर्यंत आधीच पोचलं होतं), "काल पॅसेंजरच्या गार्डसाहेबांनी माझा रिपोर्ट केला. फलाटावर एकशे त्रेचाळीस भांडी, प्रवाशांना उतरायला अडचण. मला उत्तर लिहायचंय. काय लिहू?"

मी सगळी गोष्ट सांगितली. दह्यापासून सांगितली. ते न हसता ऐकत राहिले, आणि खरं सांगतो, त्या पंधरा दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "इंजिन खरंच धूर सोडतं?"

"सोडतं," मी म्हणालो.

मग त्यांनी खणातून एक कोरा कागद काढला. मोजायचं तर परवानगी पाहिजे, अर्ज तीन प्रतीत, तो वर जाणार, उत्तर येणार, मग टेप. मी तिथंच अर्ज लिहिला. मोजणीचा उद्देश काय, इथं अडलो. छंद लिहिलं तर अमृतराव म्हणाले, छंदासाठी परवानगी कुणी देत नाही. अभ्यास लिहिलं तर संस्थेचं पत्र लागतं. शेवटी आम्ही दोघांनी मिळून 'स्मृती' असा शब्द शोधून काढला. त्याला काय कागदपत्रं जोडावी लागतात हे कुणालाच माहीत नसल्यामुळं तो सुरक्षित होता.

"आता भांडी," अमृतराव म्हणाले. "तुमच्यामुळं आली. तुम्हीच सांगा त्यांना."

त्यांनी आपल्या खोलीतलं स्टूल बाहेर आणून ठेवलं. मी त्यावर उभा राहिलो. माझं मराठी बरं आहे, कॉलेजात मी वक्तृत्वाचं बक्षीस घेतलेलं आहे, पण त्या दिवशी मला चारच वाक्यं आली. पाण्याची गाडी इथं येणार नाही. तालुका होणार की नाही मला माहीत नाही. मी खेळण्यातलं स्टेशन करतोय, एवढंसं. माझ्या बोलण्यामुळं तुमचा गैरसमज झाला, माफ करा.

मग सरजाबाई उठली. "म्हंजी पानी न्हाई?"

"नाही."

"मग टाकी कशाला मोजली?"

"लहानपणी आवडायची म्हणून."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं आपली घागर उचलली, सोळा नंबरची, आणि म्हणाली, "आदी सांगायचं की, सायेब. दोन दिस उन्हात गेले. तितक्यात त्या खालच्या शिवारातून चार खेपा झाल्या असत्या."

बाया भांडी उचलून निघाल्या. अण्णाराव मास्तर मागं थांबले. शालीबद्दल ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे जाहीर बोलायची गरज नव्हती. लोकांनी आशेवर दोन महिने काढले असते. पाऊस तोवर आलाच असता."

परत येताना मामा स्कूटर चालवत होते आणि मी मागं जाकिटाची घडी करून मांडीवर घेऊन बसलो होतो. माणसाची इज्जत जाते तेव्हा आवाज होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. घरी अव्वाला सगळं आधीच कळलं होतं. "कुणी इचारलं तर सर्वे करायला आलाय म्हणून सांगत होते," ती म्हणाली. "आता काय सांगू? एवढं शिकून खेळायला आलाय म्हणू?" गंगम्मांनी भिंतीवरून सुचवलं की ऊन बाधलं असेल, टाळूवर कांद्याचा रस चोळा. अव्वानं चोळला. मी चोळू दिला. विरोध करायला लागणारा स्वाभिमान त्या दिवशी शिल्लक नव्हता.

अशा अवस्थेत, डोक्याला कांद्याचा वास येत असताना, फोगेल आजोबांचं पत्र मोबाईलवर आलं. मी पाठवलेली टाकीची मापं त्यांना आवडली होती. फक्त एक शंका होती. तुमच्या फोटोत टाकीच्या खांबाजवळून एक जाड नळ खाली उतरून जमिनीत जातो. तो कुठं जातो? टाकीत पाणी चढवणारा पंप कुठं आहे, विहीर कुठं आहे? आमच्या मंडळात पंपाशिवाय टाकी मांडत नाहीत. लोक विचारतात.

मला त्यांचा राग आला. इथं माणसं घागरी घेऊन फिरतात, आणि ह्यांना करंगळीएवढ्या माणसांच्या पाण्याची चिंता. पण ती शंका काही मला बसू देईना. दोन दिवसांनी मी एकटाच, जाकीट घरी ठेवून, साध्या शर्टात होनाळगी रोडला गेलो. टाकीच्या सावलीत सटवाजी नावाचा म्हातारा रोज पडलेला असायचा. कोळशाच्या इंजिनांच्या काळात तो तिथं पंपावर नोकरीला होता. निवृत्त झाला तरी सावली सोडली नाही त्यानं. मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "सटवाजी, हा नळ कुठं जातो?"

"त्यो? हिरीत जातोय."

"कुठल्या विहिरीत?"

त्यानं झोपल्या झोपल्या बोट केलं. रुळांपासून लांब, पडक्या क्वार्टरांमागं येड्या बाभळींचं रान होतं. "तितं."

"क्वार्टरांमागची जुनी? ती तर बुजवली म्हणतात."

"कागदावर बुजवली. इंजिनं गेली तवा. बुजवायला माती लई लागती, म्हनून वर रूळ टाकले, त्याच्यावर फरशा, झालं. निजामाच्या वक्ताची हीर हाय. चाळीस इंजिनं पानी पेत व्हती, कवा तळ दिसला न्हाई."

"अहो, मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलं न्हाई," सटवाजी म्हणाला. "मानसं टाकीकडं बघत्यात. नळाकडं कोन बघतंय?"

मी धावत अमृतरावांकडं गेलो. त्यांनी कपाटातून जुनी नोंदवही काढली, बोटानं ओळ शोधली. विहीर बुजवण्यात आली, असं खरंच लिहिलेलं होतं, खाली सही होती. त्यांनी वही मिटली आणि खिडकीतून बाभळींकडं बघत बसले. मी म्हणालो, "परवानगीचा अर्ज करू या. तीन प्रतीत."

"कसली परवानगी?"

"विहीर उघडायची."

"विहीर कुठं आहे, सर?" ते शांतपणे म्हणाले. "कागदावर विहीर नाही. जी विहीर नाही ती उघडायला परवानगी कशी मागणार, आणि देणार तरी कोण? उलट मागितली तर चौकशी लागेल. झुडपं साफ करायला मात्र मला अधिकार आहे. उद्या गाडी गेल्यावर झुडपं साफ करू."

इतका वेळ ज्यांना मी घाबरट समजत होतो, त्या माणसानं एवढी सरळ वाट काढलेली बघून मी अर्जाचं नाव सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी मामांना घेऊन गेलो, आणि टेसनवाडीतली माणसं कुऱ्हाडी आणि पहारी घेऊन आली. बायाही आल्या, पण या वेळी कुणीही भांडं आणलं नव्हतं. मी आहे म्हटल्यावर त्यांनी भांडी घरीच ठेवली, हे मला बरोबर कळलं. बाभळी तोडायला दुपार झाली. खाली शहाबादी फरशा निघाल्या, फरशांखाली रूळ. अमृतरावांनी सगळ्यांना मागं सरकवलं, चार बाजूंना लाल झेंड्या रोवल्या आणि मग एक फरशी काढायला सांगितली. आतून गार हवा आली.

मामांनी खडा टाकला. खूप वेळ गेला असं वाटलं, गेला नसेल. मग खालून आवाज आला. डुबुक.

सरजाबाई पुढं आली, वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "आनीक एक टाका."

मामांनी दुसरा टाकला. तिनं कान देऊन ऐकला. मग तिसराही टाकायला लावला. त्यानंतर ती उठून उभी राहिली, पदर खोचला आणि आपल्या सुनेला म्हणाली, "जा, दोर आन बादली घिऊन ये."

पहिली बादली वर आली तेव्हा पाण्यावर गंज आणि पालापाचोळा होता. दहाव्या बादलीला पाणी स्वच्छ झालं. आरोग्य खात्याचा माणूस बाटली भरून घेऊन गेला आणि चार दिवसांनी, उकळून प्या, असं सांगून गेला. विहीर काही टाकी भरण्याएवढी उदार राहिलेली नव्हती. घरटी दोन घागरी सकाळी, दोन संध्याकाळी, एवढं बसलं. पण टेसनवाडीच्या बायांची खालच्या शिवारातली खेप थांबली. अमृतरावांनी वर पत्र लिहिलं की स्थानकाच्या हद्दीत एक धोकादायक खड्डा आढळून आला असून सुरक्षिततेसाठी त्याला कठडा बांधण्यात येत आहे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. याबाबतीत आम्हा दोघांचं फार जमलं.

लोकल पेपरात बातमी आली. होनाळगी तालुका कृती समितीच्या पाठपुराव्याला यश, जर्मन तंत्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली विहिरीचा शोध. फोटो अण्णाराव मास्तरांचा. मी त्या तंत्रज्ञांत आहे, असं मामांनी गल्लीत सांगितलं. अव्वानं बातमी कापून देवघरात ठेवली आणि गंगम्मांनी कांद्याबद्दल पुन्हा विषय काढला नाही. मी एका शब्दानं कुणाची चूक दुरुस्त केली नाही. एकदा खरं बोलून बघितलं होतं.

छपराची उंची मात्र राहिलीच. अर्ज वर गेला होता, उत्तर आलं नव्हतं. "आता टेप लावू नका, सर," अमृतराव म्हणाले. "मी आधीच दोन पत्रांची उत्तरं देतोय." फोगेल आजोबांना काय सांगायचं, याचा विचार करत मी रजा संपवली.

हैदराबादच्या विमानासाठी मी मुद्दाम पॅसेंजर धरली, म्हणजे होनाळगी रोड एकदा डोळ्यांखालून जाईल. तिथं गाडी एक मिनिट थांबते. मी दारात उभा होतो. फलाटावर सरजाबाई आणि चार-पाच बाया, आणि सटवाजी चक्क बसलेला. सरजाबाई माझ्या डब्यापाशी आली आणि तिनं माझ्या हातात दोराचं एक भेंडोळं ठेवलं. दोन ठिकाणी लाल चिंधी बांधलेली.

"छपराची उंची," ती म्हणाली. "तुमची ऱ्हायली व्हती म्हनं. हितून हितवर."

"कुणी मोजली?"

"म्या. सटवाजीची शिडी लावली, वर चढले, दोर सोडला. भुईला टेकला तितं चिंधी बांदली."

मी तिच्या मागं उभ्या असलेल्या अमृतरावांकडं बघितलं. "मला माहीत नाही, सर," ते म्हणाले. "मी तेव्हा जेवायला गेलो होतो." आणि त्यांनी हिरवी झेंडी दाखवली.

मी म्हणालो, "तुम्ही पडला असतात तर, सरजाबाई?"

"पडले न्हाई की," ती म्हणाली. "नीट बनवा म्हंजी झालं."

गाडी सुटली. जागेवर येऊन मी बॅगेतून टेप काढला. एकट्याला काही तो दोर ताणून धरता येईना. समोरच्या बाकावर धोतर-टोपीतले एक पोक्त गृहस्थ बसले होते. न सांगता त्यांनी दुसरं टोक धरलं आणि हातानं नीट ताणलं. एका चिंधीपासून दुसऱ्या चिंधीपर्यंत पाच मीटर अठरा सेंटिमीटर भरलं. मी वहीत लिहून घेतलं.

"कशाचं माप घिऊन राहिले?" त्यांनी विचारलं. त्यांच्या शेजारचे दोघे पेपर खाली करून ऐकायला लागले होते.

"दोराचं," मी म्हणालो.